ओककाका

इंग्लंडातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक ओककाका असतात. गावागणिक आडनाव बदलतं, माणूस तोच. सत्तरच्या दशकात एमबीबीएसची पदवी आणि लोणच्याची बरणी घेऊन आलेले, पुढे जीपी म्हणून तीस-पस्तीस वर्षं इंग्रजांचे घसे तपासलेले. निवृत्तीनंतर बाकीचे डॉक्टर ब्रिजकडे नाहीतर टोमॅटोंकडे वळतात. हे वळले इंग्लंडच्या भावी जंगलांकडे.

ऑक्टोबरात ते लांबूनही ओळखू येतात. कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले आणि नजर जमिनीवर. मंडळाच्या दिवाळीत नाट्यगीत रंगात आलेलं असताना कुठूनतरी टपकन आवाज येतो आणि एक एकॉर्न, म्हणजे ओक वृक्षाचं फळ, घरंगळत थेट तबलजीपर्यंत जातं.

पण वाटेल त्या ओकखालचं एकॉर्न काका उचलत नाहीत. मुलीसाठी स्थळ पाहावं तसं ते झाड पाहतात. खोड सरळ आहे का, अंगावर रोग कुठला, घराणं याच भागातलं की नर्सरीवाल्याने बाहेरून आणलेलं. मग पोटशाखेची चौकशी. फळ लांब देठाला लोंबत असेल तर इंग्लिश ओक. फळ फांदीला बिलगलेलं आणि देठ पानाला असेल तर सेसाइल ओक. या दोघांचे रानात परस्पर संबंध जुळतात. तशी मिश्र संतती सापडली की काका क्षणभर थांबतात आणि “चालायचंच आता,” असं म्हणून तीही खिशात टाकतात.

घरी आल्यावर परीक्षा. बादलीभर पाण्यात जे तरंगलं ते नापास. बहुतेक वेळा आत अळीने आधीच जेवण उरकलेलं असतं. बुडालं ते पास. एकॉर्न वाळलं की संपलं, म्हणून पास झालेली लगेच पेरायची आणि जागेअभावी उरलेली ओलसर पाचोळ्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची. काकूंच्या फ्रिजमधला भाजीचा खण त्यामुळे इंग्लंडच्या जंगलांकडे गहाण पडलेला आहे. कोथिंबीर दारात उभी असते. एकदा मंडळाच्या खजिनदारांनी सुका मेवा समजून त्यातलं एक चावलं. टॅनिनने तोंड असं काही आवळलं, की त्या दिवशीचा जमाखर्च मंडळाच्या इतिहासात प्रथमच दोन मिनिटांत वाचून झाला.

घरातल्या प्रत्येक खिडकीत दुधाच्या उंच कार्टनांची रांग असते. ओकला उथळ कुंडी चालत नाही, कारण तो आधी खाली जातो आणि मग वर येतो. हिवाळ्याआधी मूळ उतरतं, अंकुर उगवतो वसंतात. मधले सगळे महिने कार्टनात नुसती माती दिसते आणि काका रोज सकाळी तिची विचारपूस करतात. प्रत्येक कार्टनला केसपेपर आहे: आईचं झाड कुठलं, पेरणी कधी, तक्रार काय. उन्हाळ्यात पानांवर पांढरी भुरी आली की काकांमधला तासगावचा द्राक्षबागायतदाराचा मुलगा जागा होतो आणि चुलतभावाला फोन लावतो. सांगलीहून ओकवर सल्ला येतो. तो द्राक्षांचा असतो, पण काकांना धीर येतो.

एरवी हा माणूस कमालीचा उतावळा. मायक्रोवेव्हचे शेवटचे दहा सेकंद त्यांना सोसत नाहीत. साडेनऊच्या गाडीसाठी ते साडेआठला फलाटावर असतात आणि काकू कुठल्या डब्यासमोर उभ्या राहतील हेही ठरवतात. पेशंटला उभ्या आयुष्यात त्यांनी दहा मिनिटांवर वेळ दिला नाही. ओकला पहिली फळं धरायला मात्र चाळीसेक वर्षं लागतात, हे ते “आता आलंच” अशा सुरात सांगतात.

त्यांच्या जगात एक देव आहे आणि एक राक्षस. देव म्हणजे जे नावाचा निळ्या पिसाचा पक्षी. तो शरद ऋतूत हजारो एकॉर्न जमिनीत पुरतो, त्यातली बरीचशी खातो आणि राहिलेल्यांचं जंगल होतं. राक्षस म्हणजे करडी खार. तिचं नाव निघालं की काकांचा रक्तदाब वाढतो.

“१८७६ मध्ये अमेरिकेतून आणून सोडल्या इथे,” काका सांगतात. “बाहेरून आल्या, पसरल्या, आणि इथल्या तांबड्या खारींना हुसकून बसल्या. वर कोवळ्या ओकची साल सोलतात!”

“अहो, आपण १९७३ ला आलो,” काकू पोळी लाटता लाटता म्हणतात. “आणि तुमचा ओक तरी कुठे इथला? हिमयुग सरल्यावर तोही दक्षिणेकडूनच आला, असं तुम्हीच सांगत होतात.”

“तेव्हा मध्ये समुद्र नव्हता, चालत आला. आणि आपण काही कोणाची सालं काढत नाही.”

“मंडळाच्या कमिटीला विचारा.”

काकूंनीही एकदा या कार्याला हातभार लावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी ओकची रोपं वाण म्हणून दिली. जानेवारीत ओकच्या रोपाला एक पान नसतं. पैठण्या नेसलेल्या वीस-बावीस बायका कुंडीत खोचलेली एकेक काटकी घेऊन गारठ्यात गाड्यांकडे निघाल्या. वसंतात काटक्यांना पानं फुटली, आणि पाठोपाठ नवऱ्यांना शंका. चिकणमातीवरच्या घराशेजारी ओक वाढला तर तो जमिनीतलं पाणी शोषून पायाला तडे आणू शकतो; इथले विमेवाले घराजवळच्या झाडांची चौकशी करतात. मग ती रोपं साड्या-ब्लाउजपिसांसारखी फिरू लागली. वास्तुशांतीला एकाने दिलं, मुंजीला दुसऱ्याने. अखेर काकांच्या पंचाहत्तरीला एक रोप सोनेरी कागदात गुंडाळून त्यांच्याच हातात आलं. काकांनी खोड पाहिलं, पान उलटून पाहिलं, आणि भरल्या आवाजात म्हणाले, “ही चर्चमागच्या झाडाची मुलगी. पाणी नीट घातलं नाही तुम्ही.”

आता ते रोपं गावाबाहेर नव्याने उभ्या राहणाऱ्या रानासाठी देतात. तिथले इंग्रज स्वयंसेवक त्यांना ‘डॉक’ म्हणतात आणि त्यांना घाबरतात.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना लंडन आय पाहायचं असतं. काका त्यांना पोर्ट्समथला नेतात. तिथे नेल्सनची ‘व्हिक्टरी’ ही लाकडी युद्धनौका आहे. ती बांधायला सुमारे ६,००० झाडं लागली, बहुतेक ओकच. नेल्सनचा सहकारी ॲडमिरल कॉलिंगवूड खिशात एकॉर्न घेऊन फिरायचा आणि जागा दिसेल तिथे पेरायचा, पुढच्या आरमाराला लाकूड कमी पडू नये म्हणून. एवढं सांगून काका पाहुण्यांना त्याच बंदरातल्या ‘वॉरियर’समोर उभं करतात. ती लोखंडी युद्धनौका, १८६० ची. कॉलिंगवूडचे ओक कापण्याजोगे होण्याआधीच आरमार लोखंडाचं झालं.

“म्हणजे सगळं फुकटच गेलं की हो!” एक भाचेजावई हळहळले.

“फुकट कसं?” काका म्हणाले. “त्याच्या नावाचे ओक नॉर्थम्बरलंडमध्ये अजून उभे आहेत. आरमाराने मागणी मागे घेतली म्हणून तर वाचले. झाड लावताना कारण कुठलंही चालतं रे. ते झाडाला सांगायचं नसतं.”

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मलाही त्या रानात नेलं. मी एक रोप लावलं, काकांनी त्याभोवती सशांपासून वाचवणारी नळी बसवली, केसपेपरवर माझं नाव लिहिलं आणि खिशातून डायरी काढली.

“पहिली फळं साधारण २०६५ ला. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार धरू. येताना बादली आण.”

“काका, २०६५ ला?”

“का, काही अडचण आहे?”

“नाही. येतो.”

“साडेनऊ म्हणजे साडेनऊ,” काका म्हणाले. “तुझ्या सवयीने अकराला आलास तर खारी नेऊन मोकळ्या होतील.”