कोथरूड ते खराडी : हरित प्रवासविधी

हरित प्रवासाची पहिली अट म्हणजे दारात चारचाकी उभी असणे. अनेकांना हे ठाऊक नसते, म्हणून आधीच सांगितलेले बरे. ज्याच्याकडे गाडी नाही तो सायकलने कामाला गेला, तर तो नुसताच सायकलने गेला. ज्याच्याकडे आहे आणि जो ती कव्हर घालून पार्किंगमध्ये ठेवतो व सायकल काढतो, तो पर्यावरण वाचवतो. सोसायटीचा वॉचमन धायरीहून रात्रपाळीला सायकल हाणत येतो, पण कार्बनबद्दल त्याची मुलाखत कुणी घेत नाही. तेव्हा गाडी नसल्यास आधी कर्ज काढून घ्यावी. एसयूव्ही घेतल्यास त्याग मोठा दिसतो.

पुढील विधी कोथरूडात राहून खराडीच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. हिंजवडीवाल्यांना नुसते मार्गदर्शन पुरणार नाही.

आरंभ सायकलने करावा. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. डबलसीट दिसले किंवा दिवेलागणीनंतर दिवा नसला, की पोलीस चाकातली हवा सोडत. इतकी त्या वाहनाला प्रतिष्ठा होती. २०१८ साली शहरातल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याची बातमी आली, आणि तेव्हापासून सायकल चालवणे हा प्रवास न राहता विचार झाला. काळी, मागे कॅरिअर असलेली दणकट सायकल घेऊ नये. तिच्यावर विचार दिसत नाही. गिअरची घ्यावी. किंमत सहकाऱ्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. या सायकलीला मडगार्ड नसते, त्यामुळे पावसाळ्यात पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते. ती लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत पुसू नये.

हेल्मेट अवश्य घालावे. स्कूटरवरच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध ज्या शहराने मोर्चे काढले, तिथेच सायकलवर माणसे हौसेने हेल्मेट घालतात. कारण उघड आहे : सायकलवर ते सक्तीचे नाही.

आता सायकल मार्ग. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे मार्ग आहेत आणि कागदावर त्यांची स्थिती उत्तम आहे. प्रत्यक्षातला मार्ग पेव्हर ब्लॉकच्या रंगावरून ओळखावा. त्यावर प्रथम लावलेल्या दुचाकी लागतात, मग वडापावची गाडी, मग विजेचा डीपी आणि शेवटी झाड. झाड लागल्यास उतरून सायकल उचलावी. चिडू नये, तेही पर्यावरणच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. अ‍ॅप उघडले की कुलूप उघडे, अशी सोय होती. पुणेकरांनी लवकरच अ‍ॅपवाचून कुलूप उघडण्याची पद्धत शोधली आणि बऱ्याच सायकली पार्किंगमधून थेट घरोघरी पोचल्या. सार्वजनिक मालमत्ता आपली समजावी, असे शाळेत शिकवतातच.

खराडीला पोचेपर्यंत शर्ट पिळण्याजोगा होतो. कंपनीत शॉवर आहे का, हे आधी विचारून घ्यावे. असतो. त्यात जुने मॉनिटर ठेवलेले असतात.

मेट्रोबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, कारण ती चालते. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा तुकडा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि रामवाडी गाठायला तिला बरोबर दोन वर्षे लागली. आता हे सुमारे सोळा किलोमीटर एसीत जाता येते. वाटेत डेक्कन जिमखाना आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची पगडीच्या घाटाची छपरे लागतात. शेजारच्या अनोळखी माणसाला ती दाखवून द्यावी, त्याला माहीत असली तरीही. कसोटी आहे ती दोन टोकांची. वनाजपर्यंत बहुतेक भाविक स्कूटरवर येतात आणि ती लावायला जागा शोधत घिरट्या घालतात. त्या घिरट्यांचे पेट्रोल हिशेबात धरू नये. रामवाडीहून पुढे खराडीपर्यंतच्या टप्प्याला नियोजनकार ‘शेवटचा मैल’ म्हणतात आणि रिक्षावाले ‘मीटरने परवडत नाही’ म्हणतात.

बस मात्र कटाक्षाने टाळावी. पीएमपीची बस सीएनजीवर किंवा विजेवर धावते, पन्नास-साठ माणसे एकदम नेते. दरमाणशी हिशेब केला तर मोठ्या मोठ्या गाड्यांनी तिच्यापुढे मान खाली घालावी. पण बसने आल्याचे कौतुक होत नाही. “गाडी सर्व्हिसिंगला दिलीय का?” असे विचारतात. हाउसकीपिंगच्या मावशी वारज्याहून दोन बस बदलून वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांना कुणी ‘प्रेरणादायी’ म्हटलेले नाही. शिवाय बसला वेळ लागतो. तिच्यासाठी २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटीची राखीव मार्गिका काढली होती. राखीव मार्गिकेतून बुलेट फार सुसाट जाते, हे तेव्हापासून सिद्ध झाले आहे.

यातले काहीच झेपत नसेल तर इलेक्ट्रिक कार घ्यावी. हिरवी नंबरप्लेट मिळते, म्हणजे पुरावा बंपरलाच. धूर निघत नाही, निदान कोथरूडात तरी नाही. तो चंद्रपूर, कोराडी, परळीच्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघतो आणि तिथल्या लोकांना त्याची सवय आहे, असे धरून चालावे. या गाडीत एकट्यानेच बसावे. येरवड्याच्या कोंडीत ती पेट्रोलच्या गाडीइतकीच जागा अडवते, पण आतला माणूस शांत असतो.

वर्षअखेरीस एचआर हरित प्रवासाचा तक्ता पाठवते. ‘पूर्वीचे वाहन’ या रकान्यात इंजिनाची सीसी ठळक लिहावी. जेवढी जास्त, तेवढी बचत मोठी. ज्यांचे पूर्वीचे वाहन बसच होते त्यांची बचत शून्य येते, त्यांनी तक्ता भरून मनुष्यबळ वाया घालवू नये. पहिल्या क्रमांकाला बेसमेंटमध्ये लिफ्टशेजारची पार्किंगची जागा वर्षभर राखीव मिळते. ती रिकामी ठेवू नये, कंपनी काढून घेते.