अठरा अंशांच्या धन्यास

सर,

आपल्या मजल्यावरच्या एसीचा रिमोट तुमच्या टेबलाच्या खणात असतो आणि खणाला कुलूप असतं, म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच, आणि चारचौघांत. दाराआड विनंत्या करून झाल्या. तुम्ही प्रत्येक वेळी हसलात आणि आकडा १८ वरच ठेवलात.

बाहेर मे महिना चालू आहे. लोकलमधून उतरून आम्ही घामाने निथळत आत येतो, काचेचं दार ढकलतो आणि ओला कुडता पाठीवर गार पडतो. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, हे खरंच. अकरा वाजेपर्यंत हिशेबाच्या टेबलावर शाल निघते. दारापाशी बसणारी मुलगी हाताचे पंजे मांडीखाली दाबून बसते आणि फोन वाजला की एक हात बाहेर काढते. झोताखालच्या खुर्चीवर जिची नेमणूक आहे, तिने जाळीला फायलीचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला होता. तुम्ही तो काढायला लावलात, बरा दिसत नाही म्हणून. ती चार वाजता नाक पुसत काम करते, ते बरं दिसतं का?

तुमच्या अंगात कोट, आमच्या अंगावर सुती साडी. त्यात ऑफिसं किती गार ठेवायची याची जगभरची जुनी मापंच चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरावरून बेतलेली. बायकांचं शरीर त्याहून कमी उष्णता तयार करतं, म्हणून हे माप त्यांना लागू पडत नाही, असं २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. तुम्ही त्या मापाच्याही खाली उतरलात.

तुमचं ठरलेलं वाक्य आहे: थंडीत डोकं चालतं, दमट हवेत माणूस सुस्तावतो, म्हणून तर थंड देश पुढे गेले. बर्फाच्या देशात नोकरी करून आलात, तिथून हे बरोबर आणलंत. पण हा माल फार जुना आहे. माँतेस्किए या फ्रेंच विचारवंताने १७४८ साली मेंढीची जीभ गोठवून, भिंगाखाली बघून थंड देशांतले लोक कणखर आणि उष्ण देशांतले ढिले असा निवाडा दिला होता. एका मेलेल्या मेंढीच्या जिभेवरून निम्मी दुनिया आळशी ठरली! ज्या मुंबईत बसून तुम्ही हे बोलता, त्या मुंबईच्या गिरण्यांना हीच दमट हवा मानवली. कोरड्या हवेत सूत तुटतं, इथे कमी तुटायचं. १८५४ साली कावसजी दावरांनी इथे गिरणीची कंपनी काढली, पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी पाळ्यांवर पाळ्या केल्या. त्यांच्या हालांचं गुणगान मला करायचं नाही. पण सुस्त ते नव्हते, हे तुम्ही मान्य केलंच पाहिजे.

तुम्ही सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचा दाखला देता. एसीने आपला देश घडवला, असं ते म्हणत, ते बरोबर आहे. त्यांनी कचेऱ्यांतला उकाडा घालवला. तुम्ही इथे हिवाळा आणलात.

मुळात उकाड्याचं दुखणं कुठे आहे ते बघा. मुंबईत पारा नागपूर-चंद्रपूरइतका चढत नाही. इथे त्रास होतो तो घाम वाळत नाही म्हणून. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेतच ओल भरलेली असली की तो नुसता ओघळतो. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र रचलं ते हवेतली ओल आवरायला, कारण ओलीने कागद फुगून रंग सरकत होते. माणसांना कुडकुडवणं हा त्या यंत्राचा हेतूच नव्हता. हवा जरा कोरडी झाली आणि अंगावर पंख्याचा वारा आला, तर २६ अंशांवर आपल्याकडचा माणूस सुखाने काम करतो. पण पंखे तुम्ही नूतनीकरणात काढून टाकलेत आणि खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा बसवल्यात. दुपारी समुद्रावरून येणारं वारं त्या काचांवर आपटून परत जातं.

मला दमट हवा आवडते. मी कोकणातली. पावसाआधीच्या रात्री ओट्यावर चटई टाकून झोपायचं, मध्येच वाऱ्याची झुळूक यायची, फणसाचा वास यायचा. तिथे टाचांना भेगा पडत नाहीत, ओठ उलत नाहीत. थंडीशी माझं वैर नाही. पौष-माघात चार दिवस गारवा पडला नाही तर हापूसला मोहोर धरायचा नाही, हे बागायतदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला कोणी सांगायला नको. उन्हाने माणसं मरतात हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच आता मागच्या गल्लीबद्दल लिहिते.

आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर एसीची बाहेरची यंत्रं रांगेने टांगली आहेत. आतली उष्णता नाहीशी होत नाही, ती तिकडे फेकली जाते. शिवाय यंत्राने खाल्लेल्या विजेचीही उष्णता होऊन तिथेच बाहेर पडते. त्या भिंतीखाली इस्त्रीवाल्याची हातगाडी आहे. समोर कोळशाची इस्त्री, डोक्यावर आपल्या मजल्याची गरम हवा. नळीतून ठिबकणारं पाणी पडू नये म्हणून त्याने कपड्यांच्या गठ्ठ्यावर निळं प्लास्टिक ताणलंय. तुमचे कोट तोच इस्त्री करतो. मुंबईला लागणारी वीज करायला डहाणूच्या किनाऱ्यावरही कोळसा जळतो. तुमच्या गारव्याची किंमत अशी दुसऱ्याच्या अंगावर निघते, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

२०२० पासून आपल्या देशात तारांकित एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आपला एसी त्यानंतरचाच आहे. म्हणजे यंत्र शहाणपणाने आलं होतं. रोज सकाळी बोट दाबून ते खाली आणता ते तुम्ही.

तेव्हा मागणी लिहून देते. रिमोट खणातून काढून खांबावर अडकवा. आकडा २५-२६ वर ठेवा. पंखे परत लावा, आणि झोताखालची खुर्ची उद्याच हलवा. एवढ्याने तुम्हाला उकडलं तर कोट काढून खुंटीला लावा. आणि एखाद्या दुपारी दोन वाजता मागच्या गल्लीत चला, इस्त्रीच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभे राहा. मी बरोबर येते.

आपल्याच मजल्यावरची,
एक कर्मचारी