कुणाची आजी?

मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो होता. डोक्यावर पदर, हातात पळी, मागे चूल. खाली ओळ छापलेली: ‘दादीमाँच्या घरची दाल’. दाल मागवली. चांगली होती. कॅप्टनला विचारलं, “या आजींचं नाव काय हो? गाव कुठलं?” तो आत जाऊन विचारून आला. म्हणाला, “साहेब, ते नुसतं चित्र आहे. हेड ऑफिसकडून येतं.”

चित्रातली आजी कुणाचीच नव्हती. बिलात मात्र तिची किंमत धरलेली होती.

उत्तर हिंदुस्थानी जेवणाच्या उंची हॉटेलांत सध्या ‘खानदानी’ हा शब्द मिठासारखा वापरला जातो. खानदानी बिर्याणी, खानदानी निहारी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मसाला. माझं म्हणणं एवढंच आहे: खानदान म्हणता, तर नाव सांगा. कुणाचं घर, कुठलं गाव, कुणाचा हात. सांगता येत नसेल, तर तो शब्द कार्डावरून पुसा.

हा आग्रह मराठी माणसाला नवा नाही. आपला गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. श्रोताही पहिल्याच आलापाला विचारतो, तालीम कुणाची? ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली, पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती देशभर नेली. ही साखळी आपण पाठ म्हणतो. घराणं म्हणजे नावांची साखळी. नावं काढून घेतली, की उरतो तो फक्त शिक्का.

उत्तरेच्या स्वयंपाकालाही अशीच घराणी आहेत. लखनऊमध्ये मोठ्या देगा उतरवणारा तो बावर्ची, आणि मोजक्या माणसांसाठी नाजूक हाताने शिजवणारा तो रकाबदार. दोघांचा मान वेगळा. तूप आधी ‘दुरुस्त’ करायचं, म्हणजे वेलची आणि केवड्याच्या पाण्याने त्याचा कच्चा वास घालवायचा. अख्खा मसाला मलमलीच्या पोटलीत बांधून यखनीत, म्हणजे मांसाच्या रश्शात, सोडायचा. गलौटी कबाबाचा खिमा मऊ व्हावा म्हणून त्याला कच्च्या पपईची गलावट द्यायची. देगेचं तोंड कणकेने बंद करायचं, खाली मंद आच, झाकणावर निखारे, हा दम. शेवटी पेटत्या कोळशावर तूप आणि लवंग टाकून तो धूर पदार्थात कोंडायचा, हा ढुंगार. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी कुणाला तरी शेजारी उभं करून शिकवलेली आहे.

त्या कारागिराचा मान केवढा होता, हे अब्दुल हलीम शरर यांच्या ‘गुज़िश्ता लखनऊ’मधल्या एका आख्यायिकेत आहे. नवाब आसफ-उद्-दौलाकडे एक बावर्ची आला. काय करतोस, तर म्हणे फक्त उडदाची डाळ. पगार महिना ५०० रुपये. अट अशी की डाळ हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं आणि तयार झाली म्हटल्याबरोबर जेवायला बसायचं. नवाबांनी एकदा डाळ सांगितली आणि बोलण्यात वेळ घालवला. बावर्चीने दोनतीनदा निरोप पाठवला. शेवटी त्याने ती डाळ एका वठलेल्या झाडाच्या मुळाशी ओतली आणि नोकरी सोडून गेला. झाडाला पालवी फुटली, असं शरर सांगतात. पालवीवर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. अट घालणारा स्वयंपाकी आणि ती मान्य करणारा नवाब, एवढं मात्र लक्षात ठेवा.

हा मान उंची हॉटेलांनी काही अंशी परत दिला, हे मोकळेपणाने सांगायला हवं. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधली ‘बुखारा’ आणि ‘दम पुख्त’ ही दोन नावं त्यासाठी घ्यावी लागतात. बुखाराची काळी दाल रात्रभर मंद आचेवर राहते आणि मेनू कित्येक वर्षं जवळजवळ तसाच आहे. ‘दम पुख्त’मागे इम्तियाज कुरेशींचा हात होता. १९३१ साली लखनऊत जन्मलेला, पोरवयातच कामाला लागलेला हा उस्ताद. देगेतला दम त्यांनी पंचतारांकित टेबलावर आणला. मुलं आणि जावई त्याच वाटेने गेले. कुरेशींना पद्मश्री मिळाली २०१६ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी. २०२४च्या फेब्रुवारीत ते गेले. सन्मान फार उशिरा आला, पण नावानिशी आला. तिथे ‘खानदानी’ हा शब्द खरा आहे.

जुन्या दिल्लीतलं ‘करीम’ही असंच. हाजी करीमुद्दीन यांनी १९११च्या दिल्ली दरबाराच्या गर्दीला आलू गोश्त आणि डाळ-रोटी विकली आणि १९१३ मध्ये जामा मशिदीजवळच्या गल्ली कबाबियांत हॉटेल काढलं. पूर्वज बादशाही मुदपाकखान्यात होते, असं घरचे सांगतात. तिथे पांढरा टेबलक्लॉथ नाही, वाद्यसंगीत नाही. पण पाटीवर माणसाचं नाव आहे. लखनऊच्या चौकातले ‘टुंडे’ कबाब तर हाजी मुराद अलींच्या एका हाताच्या आठवणीने ओळखले जातात. दुसरा हात त्यांना नव्हता. रस्त्यावरचा कबाबवाला नाव जपतो आणि झुंबराखालचं हॉटेल अनामिक आजी टांगतं, हे मला सहन होत नाही.

नाव लिहून न ठेवल्याचा खर्च काय असतो, तेही पाहा. फाळणीत पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी १९४७ मध्ये दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ सुरू केलं. कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी हे त्यातले भागीदार. बटर चिकन तिथूनच जगभर गेलं. पण ते आणि दाल मखनी पहिल्यांदा केली कुणी? २०२४च्या जानेवारीत हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. एका कुंदनलालच्या वारसांनी दुसऱ्या कुंदनलालच्या वारशावर उभ्या राहिलेल्या ‘दर्यागंज’ या हॉटेलांवर दावा लावला. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. दोघे हयात असताना एका कागदावर ‘अमुक दिवशी, अमुक हाताने’ एवढं लिहिलं असतं, तर नातवंडांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

कायदाही इथे फारसा कामाला येत नाही. पाककृतीचा लिहिलेला मजकूर कॉपीराइटने राखता येतो. पदार्थ करायची कल्पना राखता येत नाही. ती कुणीही उचलू शकतं. म्हणून इथे उरते ती फक्त दानत. ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव घेण्याची दानत.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात ‘नॉर्थ इंडियन’ म्हटलं की ताटात काय येतं? बहुतेक हॉटेलांत सकाळीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात: टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, कांद्याची पिवळी. ऑर्डर आली की दोन पळ्या हिच्या, एक पळी तिची, वर पनीर. त्यालाच पसंदा, त्यालाच शाही कुर्मा, त्यालाच मखनी. रोजच्या गर्दीच्या हॉटेलला ही सोय लागते आणि तिच्यावर माझा राग नाही. तिथे दर माफक असतो आणि कुणी वारशाचा दावा करत नाही. राग आहे तो तीच पातेली तांब्याच्या हंडीत ओतून, चौपट दर लावून, वर ‘घराण्याची पाककृती’ लिहिणाऱ्यांवर. दमाला वेळ लागतो. वेळेचे पैसे घ्या, जरूर घ्या. न दिलेल्या वेळेचे घेऊ नका.

आणि बायकांचं काय? घरच्या पाककृती घडल्या त्या बहुतांशी बायकांच्या हाताने. दिल्ली-लखनऊच्या कायस्थ घरांत पुरुष मांस खायचे. पुष्कळ घरांत बायका खात नसत. त्यांनी बेसनाच्या नाण्यांसारख्या चकत्या करून मसालेदार रश्शात सोडल्या आणि ‘टके-पैसे’ नावाचा पदार्थ झाला, आपल्या पाटवडीच्या रश्शाची चुलत बहीण. तो कुणी पहिल्यांदा केला? कुणालाच माहीत नाही. हॉटेलं निघाली तेव्हा आत उभे राहिले ते पुरुष. आजीला मिळाली भिंतीवरची चौकट.

ही रीत मोडणारी एक बाई मला ठाऊक आहे. कोलकात्यात वाढलेल्या अस्मा खान. वडील उत्तर प्रदेशातल्या राजपूत घराण्यातले, आई बंगालची. लंडनमध्ये कायद्यात पीएचडी केलेल्या या बाईंनी आधी स्वतःच्या घरात लोकांना जेवायला बोलावलं आणि २०१७ मध्ये ‘दार्जिलिंग एक्स्प्रेस’ हे हॉटेल उघडलं. स्वयंपाकघरात सगळ्या बायका, त्याही हॉटेलचं शिक्षण घेतलेल्या नव्हेत, तर घरी रांधून हात तयार झालेल्या. त्यांनी घरगुती हाताला पगार दिला, जागा दिली आणि पाहुण्यांसमोर आणलं. २०२२ मध्ये आईच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ठेवलं ‘अम्मू’. आईला घरात ज्या हाकेने बोलावतात तीच हाक मुखपृष्ठावर. घराण्याची पाककृती ती अशी वाढतात.

दुसरा रोग गुपिताचा. ‘हा मसाला घरातल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक नाही,’ असं अभिमानाने सांगतात. उस्ताद शागिर्दाला सगळं शिकवतो आणि एक जिन्नस हातचा राखतो. मला यात अभिमानासारखं काही दिसत नाही. राखून ठेवलेला जिन्नस उस्तादाबरोबर कबरीत जातो. गाण्यातही हेच चालायचं. मग वाळकेश्वरला जन्मलेला एक मराठी वकील उठला. विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, दाराआड ठेवलेल्या शेकडो बंदिशी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून कुणालाही वाचता येतील अशा केल्या. १९२६ मध्ये लखनऊत त्यांनी संगीताचं कॉलेज उभं केलं. आज तिथे त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे.

ज्या शहरात मराठी माणसाने गाण्याची वही उघडली, त्याच शहराचा स्वयंपाक अजून बऱ्याच अंशी तोंडी आहे. थोडं काम झालं आहे. सैलानाचे राजे दिग्विजय सिंह यांनी राजघराण्यांच्या पाककृती मोजमापासह १९८२ मध्ये पुस्तकात दिल्या. रामपूरच्या रझा ग्रंथालयातली फारसी पाकशास्त्राची हस्तलिखितं तराना हुसैन खान यांनी धुंडाळली, घराघरांतल्या आठवणी त्यांना जोडल्या आणि २०२२ मध्ये रामपूरच्या स्वयंपाकावर पुस्तक केलं. ही कामं मोठी आहेत, पण माणसं थोडी आहेत. हे काम हॉटेलांनी करायला हवं, कारण या चवीवर पैसा तेच कमावतात. एका मेनूच्या छपाईला जो खर्च येतो, तेवढ्यात चौकातल्या एका म्हाताऱ्या बावर्चीसमोर महिनाभर वही घेऊन बसता येईल.

म्हणून तीन मागण्या. कार्डावर पदार्थाखाली माणसाचं नाव आणि गाव छापा. आज तो पदार्थ आत कोण रांधतंय, त्याचंही नाव छापा. आणि ज्या घराकडून पाककृती घेतली, त्या घराला तिचा मोबदला द्या.

चौथी मागणी तुमच्याकडे, वाचकांकडे. पुढच्या वेळी अशा हॉटेलात गेलात, की दर विचारण्याआधी विचारा, ही पाककृती कुणाची? उत्तर मिळालं तर आनंदाने जेवा आणि ते नाव घरी घेऊन या. नाही मिळालं तर वारशाचे पैसे देऊ नका. साधी दाल साध्या हॉटेलात चांगली मिळते. आणि घरी आल्यावर आपल्या आईची, आत्याची, आजीची एक तरी पाककृती वहीत उतरवा. वर तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट.