मिशीदार बंदोबस्त

पोलीस खातं असावं तर बोर्डुरियाचं. एर्जेच्या टिनटिन-चित्रकथांमधला हा देश. नकाशात सापडत नाही, तरी ओळखीचा वाटतो. १९५६च्या ‘द कॅल्क्युलस अफेअर’मध्ये तिथल्या सर्वोच्च नेत्याच्या मिशा पुतळ्यावर आहेत, दंडावरच्या फितीवर आहेत, मोटारीच्या बंपरलाही आहेत. कायदा आणि सुव्यवस्था म्हणतात ती हीच.

पाहुण्यांची सरबराई तर विचारूच नका. टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक राजधानीत उतरतात न उतरतात तोच दोन गुप्त पोलीस दिमतीला हजर. हॉटेलच्या खोलीत चोरून ऐकण्याची सोय. तिचं भाडं वेगळं लावत नाहीत. पाहुण्यांनी या दोघांना यथेच्छ पाजली आणि बंदोबस्त आडवा झाला.

मग साहेबांची पाळी. खात्याचे प्रमुख कर्नल स्पोन्झ ऑपेरा संपल्यावर गायिका कास्ताफिओरेबाईंच्या रंगपटात जातात, कोट कपाटात टांगतात आणि पळवून आणलेल्या प्राध्यापकाबद्दलचा सरकारी बेत बाईंना ऐटीत सांगून टाकतात. कपाटात टिनटिन आणि हॅडॉक. कोटाच्या खिशात सुटकेचा हुकूम. देशभरच्या भिंतींना कान लावणाऱ्या खात्याला साहेबांच्या कोटामागचे चार कान तेवढे दिसले नाहीत.

शिक्षा? १९७६च्या कथेत हेच साहेब सान थिओडोरोसच्या हुकूमशहाचे सल्लागार म्हणून मिरवतात. हात दाखवून अवलक्षण झालं, तर सरकारी भाषेत त्याला प्रदीर्घ अनुभव म्हणतात.