सीएचबी सर

वरिष्ठ महाविद्यालयात तासाच्या हिशेबाने शिकवणाऱ्या माणसाला कागदोपत्री तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक म्हणतात. स्टाफरूममध्ये तो ‘सीएचबी’ असतो आणि गावात ‘प्रोफेसर’. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत तो सर्वत्र आढळतो. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र या विभागांत जरा दाटीने. इस्त्रीचा फुल शर्ट आणि पाठीवर सॅक ही त्याची खूण. सॅकमध्ये प्लास्टिकचे फोल्डर, त्यात मूळ कागदपत्रे, साक्षांकित झेरॉक्सचे तीन संच आणि पासपोर्ट फोटो. हे फोल्डर तो लग्नकार्यालाही बरोबर नेतो. जाहिरात कुठे, कधी निघेल याचा नेम नसतो.

त्याची घडण बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी सुरू होते. पहिला वर्ग मिळतो आणि एखादे प्रेमळ सर पाठीवर हात ठेवून सांगतात, ‘एम.ए. कर, तुझ्यासारख्यांची गरज आहे.’ सरांची स्वतःची नेमणूक ज्या काळात झाली, त्या काळात ते खरेही होते. पुढे एम.ए. होते. मग पुणे विद्यापीठ घेते ती सेट होते आणि ती पुरेल की नाही या धास्तीने नेटही होते. 2018 च्या यूजीसी नियमांनी विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकांना जुलै 2021 पासून पीएच.डी. सक्तीची केली. नियम विद्यापीठांपुरता होता, पण ‘उद्या कॉलेजलाही लागेल’ म्हणून याने नोंदणी करून टाकली. ती तारीख पुढे ढकलून 2023 वर नेण्यात आली आणि 2023 च्या जुलैत सक्तीच निघाली. नेट-सेट पुरे, असे ठरले. तोवर याचा प्रबंध बाइंडिंगला गेला होता.

त्याचे वर्ष मुलाखतीने सुरू होते. त्याच जागेसाठी, त्याच खोलीत, त्याच मंडळींपुढे तो दरवर्षी नव्याने बसतो. ‘आमच्या महाविद्यालयाविषयी काय माहिती आहे?’ हा प्रश्न त्यालाही चुकत नाही. महाविद्यालयाचे माहितीपत्रक गेल्या वर्षी त्यानेच लिहिलेले असल्याने उत्तर शब्दशः बरोबर येते. निवड होते ती शैक्षणिक वर्षापुरती. एप्रिल-मेमध्ये तो पुन्हा सुशिक्षित बेकार होतो आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला जातो.

मानधनाचे गणित स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुष्कळ महाविद्यालयांत तासिका 48 मिनिटांची असते, तर घड्याळाचा तास 60 मिनिटांचा. त्यामुळे पाच तासिका घसा कोरडा करून घेतल्या की हिशेबात चार तास जमा होतात. रविवार, दिवाळीची सुट्टी, बंद, मतदान, गॅदरिंग या दिवशी तास नाही आणि पैसाही नाही. थोर व्यक्तीच्या निधनाने महाविद्यालय सुटते तेव्हा मनापासून हळहळणारा स्टाफरूममध्ये तो एकटाच असतो. झालेल्या तासांचे बिल विभागप्रमुख, प्राचार्य आणि हेडक्लार्क असे फिरत सहसंचालक कार्यालयात पोहोचते आणि तिथून त्रुटी काढून परत येते. एकदा तारखेपुढचा महिना अंकी लिहिलेला असतो, एकदा अक्षरी. पैसे येतात ते काही महिन्यांचे एकदम, आणि येण्याआधीच वाटलेले असतात.

वर्ग असूनही पद का नसते, याचे उत्तर शासकीय निर्णयांत आहे, आणि ते त्याला तोंडपाठ असतात. 2017 मध्ये भरती थांबली. 2018 च्या नोव्हेंबरात 3580 पदांना मान्यता मिळाली. ती भरता भरता मे 2020 मध्ये करोनाकाळातली बंदी आली. मागे राहिलेल्या 2088 पदांना 2021 मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. बायको वाण्याची यादी वाचत असते तेव्हा हा ‘दोन हजार अठ्ठ्याऐंशी’ असे काहीतरी पुटपुटत असतो. पद निघाले तरी बिंदुनामावली, एनओसी, जाहिरात हे टप्पे उरतातच. कायमच्या मुलाखतीत पहिला प्रश्न विषयावर असतो. शेवटचा प्रश्न वडिलांची शेती किती एकर, बागायत की जिरायत, असा असतो. तो कोणत्या अभ्यासक्रमात बसतो हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

शिकवण्याचे पैसे मिळतात म्हणून शिकवण्याखेरीजची सगळी कामे त्याच्याकडे असतात. नॅकच्या सात निकषांच्या फाइली, एनएसएसचे शिबिर, जयंतीच्या प्रतिमांना हार आणि परीक्षेचे पर्यवेक्षण. पण खरे रंगते ते प्लेसमेंट सेलमध्ये. तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात, भिंतीवर ‘यशाची गुरुकिल्ली’ असा फलक असतो, आणि विद्यार्थ्यांना नोकरीचे मार्गदर्शन करायला खुद्द सीएचबी सर असतात. कायम प्राध्यापकांना हे काम नको असते आणि याला नाही म्हणता येत नाही.

तिसऱ्या वर्षाचा मुलगा येऊन विचारतो, ‘सर, बी.ए.नंतर काय करू?’ सर क्षणभर गप्प होतात. खरे सांगायचे तर ‘पोलीस भरतीचा फॉर्म भर, नाहीतर आयटीआय कर’ असे सांगावे लागेल. पण मुलांनी ऐकले तर एम.ए.चा वर्ग रिकामा पडतो. वर्ग रिकामा पडला की वर्कलोड घटतो, आणि वर्कलोड घटला की पहिली कुऱ्हाड सीएचबीवर. याच हिशेबाने जूनमध्ये तो मोटरसायकलवर वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रवेशासाठी मुले गोळा करतो, पेट्रोल स्वतःचे. म्हणून बऱ्याच विचारानंतर तो मधला मार्ग सांगतो, ‘एम.ए. करत करत स्पर्धा परीक्षा दे.’ मुलगा मान डोलावतो. मुलाला एम.ए. करण्याचा सल्ला देणारे प्रेमळ सर आता हेच झालेले असतात.

लग्नाच्या बाजारात ‘पर्मनंट होणारच आहेत’ हे वाक्य काही वर्षे चालते. पुढे मुलीकडचे होण्याची तारीख विचारू लागतात. मे महिन्यात तो शेतात असतो, मेहुण्याच्या खताच्या दुकानात असतो, किंवा क्लासवर दहावीच्या मुलांना इंग्रजीचे व्याकरण शिकवतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो तलाठी कार्यालयात गेला की तलाठी खुर्चीवरून उठून पाया पडतो, याचाच विद्यार्थी. दाखल्यावर आकडा लिहिताना मात्र दोघेही एकमेकांकडे बघत नाहीत.

काही सीएचबी चाळिशीत कंटाळून बाहेर पडतात. काही शिक्षणसंस्थेच्याच शाळेत लागतात. थोडे खरोखर कायम होतात. अशा भाग्यवंताला विद्यापीठाची मान्यता आली की तो स्टाफरूममध्ये पेढे वाटतो, खिडकीजवळची खुर्ची धरतो, आणि जुलैत नवा सीएचबी रुजू झाला की निकष क्रमांक तीनची फाइल त्याच्यापुढे सरकवून म्हणतो, ‘तुम्ही तरुण आहात, कॉम्प्युटर येतो, एवढे तेवढे बघा.’