तात्यांचा बटवडा

तार आली की वाडीत आधी रडारड सुरू व्हायची आणि मग पाकीट फुटायचं. नातू पास झाल्याची तार असली तरी क्रम हाच. म्हणून आमचे तात्या सायकल बांधाला टेकवता टेकवताच ओरडायचे, "बरी हा, बरी हा! रडू नकात!" आत काय आहे ते त्यांना ठाऊक असो वा नसो.

खरं कसब पुढे लागायचं. तार इंग्रजीत आणि वाडीत इंग्रजी वाचणारे तात्या एकटे. कागदावर 'ब्रदर एक्स्पायर्ड' असं स्वच्छ लिहिलेलं असलं तरी तात्या वाचणार, "भाऊ जरा सिरियस आहे." मग पाणी, चहा, एस्टीच्या वेळांची चौकशी. तोवर शेजारची चार माणसं पडवीत जमलेली. मग हळूच, "तसं जरा म्हणजे बरंच सिरियस." मरण हप्त्याने सांगावं, एकरकमी कोणाला झेपत नाही, हे तात्यांचं मत. तसं हे एकट्या तात्यांचं नव्हे. मेलेल्या माणसाला तारेत 'सिरियस' करायची रीत सगळीकडेच होती. पंचाईत व्हायची ती खरोखर सिरियस असलेल्यांची. माणूस मुंबईच्या इस्पितळात बरा होऊन पेज पीत बसलेला आणि इकडे त्याच्या गुणांची उजळणी चाललेली.

तात्या माझ्या आईचे चुलतभाऊ. सिंधुदुर्गातल्या एका खेड्यात त्यांनी पोस्टमन म्हणून तीसेक वर्षं काढली. अंगाने सडपातळ, आवाज मृदू, चेहरा असा की या माणसाला खोटं बोलता येणार नाही अशी कोणाचीही खात्री पटावी. ते भांडवल त्यांनी कधी स्वतःसाठी वापरलं नाही. मनीऑर्डरच्या आकड्यात तर एका पैशाचा फेर नाही. "शब्दांत केली तर दुरुस्ती, आकड्यात केली तर अफरातफर," असं ते खात्याचा नियम सांगावा तशा गांभीर्याने सांगतात. टपालाच्या कागदाला त्यांनी कधी हात लावला नाही. कागद शाबूत, वाचन मात्र सुधारून.

त्या वाडीतला प्रत्येक कर्ता मुलगा गिरणगावात. खोलीत वीस-वीस जण, जेवण खानावळीत, आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असे, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस त्या दोन ओळींत काय लिहिणार? 'पैसे पाठवले आहेत. सारखे मागू नये.' तात्या वाचायचे, "आये, पैसे पाठवलेत. जपून खर्च कर, तब्येतीला जप. तुझी आठवण येते."

आता यात मोठी अडचण अशी की पत्राला उत्तर असतं. म्हातारी हरखून उत्तर सांगायची आणि तेही लिहायला तात्याच. ती म्हणणार, "आठवण येता तर येय नाय कित्याक?" हे जसंच्या तसं लिहिलं तर आपण आठवणीचं लिहिलं होतं हे मुलाला कळायचं. म्हणून तात्या लिहिणार, 'तू तिकडे कष्ट करतोस याची जाणीव आहे. चतुर्थीला जमलं तर ये.' असा दोन्ही बाजूंनी खोटा, पण हिशेबात चोख जुळणारा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. त्यातली एक जोडी मी स्वतः पाहिली आहे.

गणपतीत मी आजोळी होतो. शेजारचा मुलगा तीन वर्षांनी आलेला. आईची पत्रं इतकी समजूतदार यायला लागली होती की बिचाऱ्याला न येण्याची लाज वाटली. माटोळीला कवंडळं बांधायचं काम चाललं होतं आणि मदतीला तात्या स्टुलावर उभे. एवढ्यात म्हातारी आतून बरणी घेऊन आली. "आंब्याच्या लोणच्याची याद येता म्हणान लिवलंस मा? घे. तुझ्यासाठीच ठेवलंय."

मुलाला लोणचं लहानपणापासून आवडत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक. तात्यांना नेमकं ते आठवलं नसावं. आवडनिवड बघून खोटं बोलायला हवं होतं. मुलाने बरणीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सावकाश वर, स्टुलाकडे. तात्या जन्मात पहिल्यांदाच कवंडळ पाहत असल्यासारखे त्याचं निरीक्षण करत होते. मला वाटलं, आता फुटतं भांडं. मुलाने फोड उचलली, तोंडात टाकली, डोळे गच्च मिटून चावली आणि म्हणाला, "होय गे आये. लय याद येय." तात्यांच्या खात्यात एका माणसाची भरती झाली ती अशी.

पण तात्यांच्या बटवड्याला एक डाग आहे आणि तो ते लपवत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार गेले आणि वाडीतल्या मनीऑर्डरी आटल्या. पैशांऐवजी पोस्टकार्डं यायला लागली. त्यात असायचं ते वाचून दाखवण्यासारखं नसायचं. तात्या प्रत्येक दारात एकच वाक्य वाचत गेले, "संप मिटत आलाय." फेब्रुवारीत मिटत आला होता, मे महिन्यात मिटत आला होता, भातकापणीलाही मिटतच आला होता. तो संप रीतसर मिटला असं कोणी कधी जाहीरच केलं नाही. त्या मिटत आलेल्या संपाच्या भरवशावर वाडीतल्या एका बाईने हप्त्याने म्हैस घेतली.

नवरा काही परत कामावर लागला नाही. म्हशीचे तीन हप्ते तात्यांनी भरले. त्या बाईलाही त्यांनी खरं सांगितलं नाही. 'दूध चांगलं आहे, मला रोज शेर लागतं, आगाऊ घे,' म्हणाले. मामींच्या म्हणण्याप्रमाणे घरात तेव्हा रोज शेरभर दूध येत होतं आणि तात्यांना दूध पचत नव्हतं. तेव्हापासून तात्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. ज्या खोट्यावर विसंबून समोरचा काही विकत घेईल, ते बोलायचं नाही.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, त्यामुळे तात्यांना समजावून सांगणं हे माझं कर्तव्यच होतं. मी त्यांना कांट सांगितला. दारात खुनी येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारू लागला, तरी खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही, असं त्याने १७९७ साली लिहून ठेवलंय म्हटलं. तात्यांनी शांतपणे विचारलं, "लगीन झालेला त्याचा?"

"नाही."

"मगे बरोबर."

मग त्यांनी कपाटातून टिळकांचं गीतारहस्य काढलं. त्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात याचा खल आहे, आणि त्या पानांत त्यांनी खूण म्हणून मनीऑर्डरचा कोरा फॉर्म घालून ठेवलाय. धर्मराजाबद्दल त्यांचं मत वाईट आहे. अश्वत्थामा गेला म्हणाला म्हणून नव्हे, पुढचं पुटपुटला म्हणून. "खोटं सांगायचं ते आपल्या अंगावर घेऊन सांगावं. हा अर्धं मोठ्याने बोलला, अर्धं हळू. रथ जमिनीला टेकला तो त्या पुटपुटण्याने." व्यासांना हे कितपत मान्य होईल ते मला माहीत नाही, पण बी.ए.च्या वर्गात मी हे उत्तर दरवर्षी माझं म्हणून सांगतो.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. पत्रं त्याआधीच थांबली होती. आता वाडीतली म्हातारी माणसं मुलांशी व्हिडिओवर थेट बोलतात आणि थेट भांडतात. तात्या पडवीत बसून ऐकतात आणि चुकचुकतात. एकदा मला म्हणाले, "आवाज स्वच्छ येतो, हीच गडबड आहे."

ते आता ऐंशीच्या पुढे गेलेत. साखर आहे, डोळे अधू झालेत. यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला निघालो तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, खाजं थोडं चालेल. गूळ असतो ना, साखर नाही." चेहरा तोच, कोणाचीही खात्री पटवणारा. मी येताना अर्धा किलो घेऊन आलो. मामींनी पुडी पाहिली आणि विचारलं, कोणत्या डॉक्टरांनी?

तात्या काही बोलले नाहीत. उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून पैसे काढले, खाज्याची किंमत विचारली आणि मोजून माझ्या हातावर ठेवली.