माईंचा शनी आणि काकींचे फोटो

चंपाषष्ठीचं भरीत द्यायला म्हणून मी कुंपणापाशी गेले आणि तासाभरानं परत आले. आमच्या आणि माईंच्या परसामध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. तिच्यावर माईंची कोरफड, आमचा जास्वंद. भिंत बांधली हद्द कळावी म्हणून. वापर मात्र वाटी ठेवायला आणि कोपर टेकायला.

माईंनी वाटीवरचं झाकण उघडलंसुद्धा नाही. "परवा रात्री पुन्हा सगळे दिवे मालवून परसात बसली होतीस म्हणे."

"म्हणे कशाला माई? तुम्हीच खिडकीत होता."

"मला झोप येत नाही, ते वेगळं. पण समोरच्या बंगल्यातली काय म्हणते माहितीये? म्हणते, ह्या बाई रात्री नळकांडं लावून लोकांच्या खिडक्यांतून बघतात."

"तिला सांगा, ह्या नळकांड्यातून माणूस उलटा दिसतो. खाली डोकं, वर पाय."

"तेच म्हटलं मी तिला! म्हटलं, आमच्या हिला गावाची बातमी काढायला दुर्बीण कशाला हवी, धुण्याभांड्याची बाई येते की."

ही माईंची वकिली. समोरच्या बंगल्याचं माझ्याशी वाकडं आहे ते त्यांच्या हॅलोजनवरून. फाटकावर लावलाय, मांजर गेलं तरी पेटतो आणि थेट आमच्या परसात शिरतो. अंधाराला सरावलेले डोळे एका क्षणात आंधळे. चंद्राला आणि ग्रहांना तसा दिव्याचा त्रास कमी, ते स्वतःच झगझगीत. पण आयपीसात, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तिरपा उजेड घुसला की चित्र धुवून निघतं. मी एकदा जाऊन सांगितलं, गोड बोलून. तेव्हापासून खिडक्यांची अफवा सुरू झाली.

नळकांडं म्हणजे आमच्या मामंजींची दुर्बीण. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूसाठी त्यांनी मुंबईहून आणलेली, तीही सेकंडहँड. जपानी बनावटीची, पांढरी लांबलचक नळी, लाकडी तिवई. पुढचं भिंग साठ मिलिमीटरचं, फोकल लांबी नऊशे दहा. पेटीवर छापलंय, ४५५ पट मोठं दिसेल. हिशेब खोटा नाही: ९१० भागिले चारचा आयपीस, वर दुप्पट करणारं बार्लो भिंग. फक्त तेवढं मोठं केल्यावर दिसतं काय, तर पाण्यात पडलेला शेणगोळा. साठ मिलिमीटरच्या भिंगाला शंभर-सव्वाशे पटीच्या वर ताणू नये. मी तर बहुतेक वेळा वीसचाच आयपीस लावते, पंचेचाळीस पट, आणि सुखात असते.

धूमकेतू मामंजींना दिसला तो कापसाच्या बोळ्याएवढा. ते खट्टू झाले. १९९५च्या दिवाळीतल्या ग्रहणाला त्यांनी ती पुन्हा काढली आणि पेटीतली हिरवट काळी काच आयपीसवर चढवली. तिच्यावर ऐटीत 'सन' लिहिलेलं. पाचव्या मिनिटाला ती तड् करून फुटली. भिंगानं गोळा केलेली सगळी आग नेमकी त्या रुपयाएवढ्या काचेवर पडते, फुटणार नाही तर काय! मामंजी त्या घटकेला चष्मा पुसत होते म्हणून डोळा वाचला. दुर्बीण गेली माळ्यावर. पेटीत तसलीच दुसरी काच निघाली ती पुढं पंचवीस वर्षांनी. पलीकडच्या घरातल्या नानांनी ती बघितली, माझ्याकडून वरवंटा मागून घेतला, आणि काच अंगणातल्या फरशीवर ठेवून तिचं पीठ केलं. मग म्हणाले, "आता चहा ठेवा."

ते पंचवीस वर्षांनी म्हणजे २०२० साल. डिसेंबरात गुरू आणि शनी एकमेकांना चिकटणार म्हणून पेपरात आलं होतं, घरात बसून आम्ही सगळे विटलो होतो, तेव्हा मी माळ्यावर चढले. भिंगाला बुरशी. साताऱ्याचा पावसाळा कुणाला सोडतो! नानांनी भिंतीपलीकडून ओरडून बजावलं होतं, भिंग खोलू नकोस; खोललंस तर दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलनं खूण कर. कारण ते एक भिंग नसतंच, दोन वेगळ्या काचांची जोडी असते आणि मध्ये कडेला कथलाच्या पातळ पत्र्याचे तीन तुकडे असतात, नखाएवढे. खूण मी केली. तुकडे तीन असतात हे मात्र तिसरा उडून मोरीत गेल्यावर कळलं. चॉकलेटच्या चंदेरी कागदाची दुहेरी घडी कातरून चौथ्या प्रयत्नात जमलं. अजून तीच आहे. आयपीसचं आणखी एक: जुन्या जपानी दुर्बिणींचं भोक साडेचोवीस मिलिमीटरचं, हल्लीचे आयपीस सव्वा इंची. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पितळेचं कडं करून घेतलं. त्यानं विचारलं, "ताई, पंपाचं आहे का?"

एकवीस डिसेंबरला संध्याकाळी यवतेश्वराच्या डोंगरावर गुरू-शनी दोघं एकाच आयपीसात बसलेले बघितले. गुरूचे चंद्र एकीकडं, शनीचं कडं दुसरीकडं. मामंजी असायला हवे होते.

माई एवढं सगळं ऐकून घेतात, कारण त्यांना पुढं नानांवर यायचं असतं.

"नानांची दुर्बीण मोठी ना तुझ्यापेक्षा?"

मोठीच. सहा इंची आरशाची, आणि आरसा नानांनी स्वतः घासलेला. पुण्यात नोकरीला असताना, ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन येऊन. ती संस्था १९४४पासूनची. दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी; वरची काच खालचीवर घासत राहायची, पिंपाभोवती गोल फिरत. वरची खोलगट होते, खालची फुगते. पूड बारीक करत जायची, शेवटी राळेवर पॉलिश. आणि खोली बरोबर आली का ते बघायला एक दिवा आणि दाढीचं ब्लेड. ब्लेड प्रकाशाच्या वाटेत सरकवलं की आरशावर सावल्या पडतात, त्यावरून केसाच्या शेकडो पट बारीक चूक कळते. काकी, म्हणजे नानांची बायको, सांगतात, लग्न होऊन आले तर खोलीत पिंप. मला वाटलं धान्याचं.

नानांना पुण्याच्या दुर्बिणीचं एक दुःख आहे, आणि ते त्यांच्या जन्माच्या आधीचं आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. तिथं वीस इंची आरशाची ग्रब कंपनीची दुर्बीण होती आणि ती चालवायचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. नाना हे असं सांगतात की वाटावं, घरातली लक्ष्मी दक्षिणेला पाठवली.

माईंना त्यात रस नव्हता, पण मी म्हटलं, "ह्याच नायगमवालांनी १८९८च्या जानेवारीत खग्रास ग्रहणाचे वेध जेऊरला जाऊन घेतले."

"कुठल्या जेऊरला?"

"करमाळ्याजवळच्या."

माईंनी कोपर काढून घेतलं. "अगं, माझं माहेर ते! आमच्या जेऊरला? आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?" जणू आमंत्रण चुकलं.

मग खरी बातमी. माईंनी आवाज उतरवला. "काल काकींकडं हळदीकुंकवाचं ताट परत करायला गेले, तर त्यांनी आल्बम दाखवला. अगं, नानांनी काकींचे केवढे फोटो काढलेत! दर रोलचा पहिला फोटो काकींचा. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मग चंद्र, चंद्र, चंद्र. पुढचा रोल, पुन्हा पहिल्या काकी. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात माझा एक फोटो काढला, तोही रेशनकार्डाला."

आता मला कारण माहीत होतं. सांगावं की नाही, अशा पेचात मी कोरफडीचा वाळका काटा मोडत राहिले. शेवटी सांगितलं, पोटात राहिना.

रोल धुवायला दिला की स्टुडिओतला पोऱ्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापायचा. चंद्राच्या फोटोत निगेटिव्हवर चौकट दिसत नाही, कोऱ्यावर कोरं. एक फोटो कुठं संपला, दुसरा कुठं सुरू झाला ते त्या बिचाऱ्याला कळणार कसं? नानांचा अष्टमीचा चंद्र त्यानं बरोब्बर मधोमध कापला होता. तेव्हापासून नाना पहिला फोटो उजेडातला घ्यायचे, कडा स्पष्ट दिसाव्यात म्हणजे तिथून मोजून पुढचं कापता येईल. उजेडातलं हाताशी काय, तर दार. दारात कोण, तर काकी.

माई बराच वेळ बोलल्या नाहीत. माईंच्या बाबतीत बराच वेळ म्हणजे भरिताची वाटी उघडून बोट चाटेपर्यंत. "काकींना सांगू नकोस हो."

मी कशाला सांगते. पण दुसऱ्या दिवशी काकीच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माईंनी मला अगदी हळूच विचारलं, वाईट वाटलं का म्हणून. अगं, मला काय माहीत नाही? पोऱ्याला पट्टी कशी कापायची ते मीच दाखवलंय." मग त्यांनी आल्बम पुढं केला. एकात हातात लाटणं. एकात कडेवर मुलगा. पुढं तोच मुलगा शाळेच्या खाकी चड्डीत, दाराला टेकून. दाराचा रंग तीनदा बदललेला. "आणि हा बघ," त्या म्हणाल्या. १९९४चा जुलै. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलै आठवडाभर गुरूवर आपटत होते, नानांनी रजा काढलेली, दुर्बीण पुसून ठेवलेली आणि साताऱ्यात आभाळ फाटलेलं. त्या रोलवर काकींचे छत्तीसच्या छत्तीस फोटो आहेत. "रोल वाया जाऊ नये म्हणून," काकी म्हणाल्या आणि आल्बम मिटला.

अष्टमीच्या रात्री माई आल्या. भिंतीला वळसा घालून फाटकातून, शाल पांघरून, म्हणजे रीतसर पाहुण्या. आल्या त्या चंद्र बघायला. शनी बघणार नाही, हे आधीच जाहीर केलं. माईंची रास मीन. २०२५च्या मार्चपासून शनी मीनेत, म्हणजे साडेसातीची मधली अडीच वर्षं. "दर शनिवारी तेल घालते, ते त्यानं माझ्याकडं बघू नये म्हणून. आणि आता मी होऊन डोळ्याला डोळा भिडवू?"

चंद्र अर्धा होता आणि अर्धाच बघावा. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून धुतलेल्या पातेल्यासारखा सपाट. अर्ध्याला उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, तिथं खळगे खरे खोल दिसतात. माईंना टॉलेमी, अल्फॉन्सस, अर्झाचेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसली. "तीन वाट्या. मधल्या वाटीत काहीतरी सांडलंय." ते अल्फॉन्ससच्या मधलं शिखर. मी म्हटलं, उद्या या, शेजारीच एक सरळ कडा दिसेल, काजळाची रेघ ओढावी तशी; लांबी सातारा ते पुणे एवढी. पंधरा दिवसांनी ऊन दुसरीकडून आलं की तीच रेघ पांढरी. बघता बघता चंद्र आयपीसातून निसटला आणि माई म्हणाल्या, "मी काही केलं नाही हं." दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, हाताची कळ फिरवत राहावं लागतं, झोका दिल्यासारखी.

मग पलीकडून नानांनी हाक मारली, "माई, शनी लागलाय इकडं!" आणि माई, देवाशप्पथ, गेल्या.

नानांच्या सहा इंचीत त्यांनी डोळा लावला. एक पिवळट थेंब, आरपार सुई टोचलेली. बस.

"ह्याचं कडं कुठंय?"

नानांनी सांगितलं. पावणेतीन लाख किलोमीटर व्यासाची ती कडी बहुतेक ठिकाणी दोन-तीन मजली घराएवढीच जाड. दर पंधराएक वर्षांनी ती आपल्याला बरोबर कडेनं दिसते आणि जवळजवळ नाहीशी होते. २००९ला झाली होती, २०२५च्या मार्चमध्ये झाली, तेव्हा शनी सूर्याच्या उजेडात होता. त्या रात्री पुन्हा मिटल्यासारखी होती. आणि साडेसातीचा आकडासुद्धा त्याच्याच चालीतून येतो: सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं, राशी बारा, एका राशीला अडीच, तीन राशींचे साडेसात.

माई आयपीसावरून हलेनात. "दागिने काढून बसलाय बिचारा," त्या म्हणाल्या. "ह्याचंच काही बरं दिसत नाही, हा मला काय करणार."

नानांचा नातू लॅपटॉप घेऊन बसला होता. आता रोल नाही. आयपीसच्या जागी छोटा कॅमेरा, दोन मिनिटांची फीत, त्यात हजारो चित्रं. हवा सतत हलत असते, म्हणून बहुतेक चित्रं फिसकटलेली. ऑटोस्टॅकर्ट नावाचा प्रोग्रॅम त्यातली नीट आलेली वेचतो आणि एकावर एक रचतो. काकी म्हणतात, तांदूळ निवडल्यासारखं. गुरूची फीत लांबवता येत नाही, तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, डाग सरकतात. मी माझी साधी, आयपीसला मोबाइल चिकटवते. शुक्राभोवती जांभळी कड येते, जुन्या भिंगाला येतेच. मला ती आवडते.

साडेदहाला गुरू वर आला. माईंनी चार चंद्र मोजले, घरी जाऊन औषध घेऊन आल्या, पुन्हा बघितलं तर तीन. "एक लेकरू कुठं गेलं?" गुरूच्या मागं गेलं होतं.

निघताना त्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. शाल काढून हातावर घेतली, पदर सारखा केला.

"माझा काढ."

"अहो माई, आता पट्टी कापायला कुणी नसतं."

"नसेना का. काढ तू."

मोबाइल वर केला, तर दारात मिट्ट अंधार, मीच सगळे दिवे मालवलेले. तेवढ्यात समोरच्या फाटकावरून मांजर गेलं.